म्हैस पुन्हा फुगली आणि सोनोग्राफीत ‘काहीच नाही’: जाळीपोट का सापडत नाही, सापडल्यावर काय बघायचं

तक्रार नेहमीची. व्यायला महिना-दीड महिना झालेली म्हैस. दूध अचानक निम्म्यावर आलेलं, शेण थोडं, घट्ट, काळपट. डावी कूस दर दोन-चार दिवसांनी फुगते. नळी घातली की गॅस सुटतो, म्हैस मोकळी होते, तेल आणि पाचक पावडर देऊन होते, आणि आठवडा उलटायच्या आत मालकाचा पुन्हा फोन. मग कुणीतरी सोनोग्राफीचं मशीन लावतं आणि कागदावर लिहून देतं, ‘विशेष काही आढळलं नाही’.

भिवंडी-कल्याणकडच्या तबेल्यांतून, तसंच घणसोली, दिवा, शीळफाट्याच्या गावठाणांतल्या घरगुती गोठ्यांतून असे कागद हाती येत राहतात. ते वाचल्यावर माझा पहिला प्रश्न एकच असतो: प्रोब (मशीनचा अंगाला टेकवायचा भाग) कुठे लावला होता आणि किती वेळ? उत्तर बहुतेकदा ‘डाव्या कुशीत, दोन-तीन मिनिटं’ असं येतं. डाव्या कुशीत कोठीपोट (रुमेन, सगळ्यांत मोठं पोट) असतं आणि त्याच्या वरच्या भागात गॅस. तिथे काही न दिसणं ठरलेलंच आहे. बघायचं असतं ते जाळीपोट, म्हणजे रेटिक्युलम, कोठीपोटाच्या पुढचं छोटं पोट.

आपल्याकडे बऱ्याच जणांनी छोटं मशीन गाभण तपासणीसाठी घेतलंय. तेच पोटासाठी वापरता येतं, पण ते काय दाखवू शकतं आणि काय नाही हे आधी पक्कं करून घ्यायला हवं. म्हणून ही टिपणं, क्षेत्रावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांसाठी.

तार दिसणार नाही

मालक मशीनकडे बघत विचारतो, “डॉक्टर, खिळा दिसला का?” त्याचा प्रश्न रास्त आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची टीटीसी औद्योगिक वसाहत, जिकडे तिकडे चाललेली बांधकामं, सळ्या बांधायच्या बाइंडिंग तारेचे तुकडे मोकळ्या प्लॉटवरच्या गवतात पडलेले, तुर्भ्याच्या बाजारातून आलेल्या उरल्यासुरल्या भाजीत पिशव्या आणि पिना. गाय-म्हैस चारा नीट न चावता गिळते, जड वस्तू जाळीपोटाच्या तळाशी जाऊन बसते, आणि जाळीपोट आकुंचन पावताना तार पुढे ढकलली जाते. पुढे लगेच श्वासपटल, म्हणजे पोट आणि छाती यांच्यामधला पडदा, आणि त्याच्या पलीकडे हृदय. म्हणून ‘एफबी’चा (फॉरेन बॉडी, म्हणजे गिळलेली तार-खिळा) संशय आपल्या भागात कायम डोक्यात असावा, हे खरंच.

पण अल्ट्रासाऊंडच्या लहरी हवेवर आदळल्या की जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या परत फिरतात. जाळीपोटातल्या चाऱ्यात गॅस मिसळलेला असतो, त्यामुळे लहरी भिंतीपर्यंत पोचतात आणि आतला माल अंधारातच राहतो. तार, खिळा, लोखंड धरून ठेवायला आधी पाजलेलं चुंबक यांतलं काहीही खात्रीनं दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे. मेटल डिटेक्टरचाही फार आधार नाही, कारण निरोगी जनावरांच्या जाळीपोटातही लोखंडाचे तुकडे निवांत पडलेले असतात आणि डिटेक्टर त्यांच्यावरही वाजतो. चुंबक जागेवर आहे का एवढंच बघायचं असेल तर साधं होकायंत्र डाव्या कोपरामागे छातीच्या खालच्या बाजूला धरा, सुई फिरली तर चुंबक आहे. आणि चुंबक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तांब्याची, अॅल्युमिनियमची तार चुंबकाला चिकटत नाही, भांड्यांसाठी वापरतात ते स्टेनलेस स्टीलही बहुधा नाही.

मग सोनोग्राफी कशाला? तीन गोष्टींसाठी: जाळीपोट कुठे आहे, ते कसं हलतंय आणि त्याच्या बाहेरून काय चिकटलंय. या तिन्हींत सोनोग्राफी एक्स-रेपेक्षा सरस आहे, कारण एक्स-रेमध्ये हालचाल नाही आणि पू आणि फायब्रिन (सुजेच्या जागी साचणारे चिकट तंतू) नीट कळत नाहीत. झुरिचचे उएली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली निरोगी गाईंच्या जाळीपोटाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज आपण जे ‘नॉर्मल’ म्हणतो त्याचा पाया बऱ्याच अंशी तोच आहे.

स्क्रीनवर नुसत्या रेघा येतात

समान अंतरावर एकाखाली एक पांढऱ्या आडव्या रेघा येत असतील तर प्रोबखाली हवा आहे. ही हवा तीन ठिकाणची असू शकते आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिली, कातडी आणि प्रोब यांच्यामधली. म्हशीला केस विरळ म्हणून लोक भादरत नाहीत. केस विरळ असले तरी राठ असतात, मुळाशी शेण-मातीचा थर असतो आणि कातडी गाईपेक्षा जाड. आधी पाण्यानं धुवा, क्लिपरनं केस काढा, मग ब्लेडनं तो पट्टा गुळगुळीत करा. दोन्ही कोपरांच्या मागून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत आणि तिथून थोडं मागे, एवढा पट्टा पुरतो. जेल भरपूर लावून दोन-चार मिनिटं मुरू द्या. ही मिनिटं कुणी देत नाही आणि मग गेन (चित्राची उजळी ठरवणारं बटण) वाढवत बसतं. गेन वाढवल्यानं चित्र उजळतं, नवीन काही दिसत नाही. स्पिरिट लावल्यानं तेलकटपणा जातो हे खरं, पण सगळ्या प्रोबना ते चालत नाही, मशीनसोबतचं पुस्तक एकदा उघडून बघा.

दुसरी हवा फुप्फुसातली. म्हणजे तुम्ही फार वर आहात. ओळखायची खूण सोपी आहे: ती पांढरी रेघ प्रत्येक श्वासाबरोबर मागे-पुढे सरकते. प्रोब खाली आणा.

तिसरी कोठीपोटाच्या वरच्या भागातली. ही रेघ श्वासाबरोबर तशी सरकत नाही, जनावर फुगलेलं असेल तर डावी बाजू वरपासून बरीच खालपर्यंत अशीच दिसेल. इथे वेळ घालवू नका. फुगवटा फार असेल तर आधी नळी घालून गॅस काढा आणि मग तपासा. ताणलेल्या कोठीपोटानं बाकी पोटांच्या जागा सरकलेल्या असतात आणि जनावरही उभं राहायच्या मनःस्थितीत नसतं.

रेघांऐवजी सगळ्या स्क्रीनभर थरथरणारे तिरपे पट्टे येत असतील तर वीज तपासा. दूध काढायचं यंत्र, पाण्याची मोटर, इन्व्हर्टर यांच्या लाइनवर मशीन चालवलं की असं होतं. बॅटरीवर चालवा. आणि पत्र्याच्या शेडच्या कडेला उन्हात उभं राहून करड्या रंगाच्या छटा ओळखायचा प्रयत्न करू नका. स्क्रीनवर काळं कापड टाकून त्यात डोकं घालायला लाजायचं कारण नाही.

गाभण तपासणीचा प्रोब चालतो का

चालतो, मर्यादेत. पोटासाठी आदर्श म्हणजे ३.५ ते ५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स प्रोब. खोली १५ ते २० सेंटीमीटर मिळते आणि चित्र पंख्यासारखं रुंद होत जातं. गुदमार्गाचा लिनियर प्रोब सहसा ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा असतो. वारंवारिता जितकी जास्त तितकं चित्र स्पष्ट, पण पोच कमी. शिवाय चित्राची रुंदी प्रोबच्या लांबीएवढीच, म्हणजे जाळीपोटाचा पूर्ण अर्धचंद्र कधीच एका चौकटीत बसत नाही, भिंतीचा एक तुकडा दिसतो. पण तो तुकडा हलतो की नाही हे नक्की कळतं. मशीन सर्वांत कमी वारंवारितेवर आणि सर्वांत जास्त खोलीवर ठेवा. दुबळ्या गाईत यानं बरंच काम होतं. जाफराबादीसारख्या अंगानं भरलेल्या म्हशीत ‘दिसलं नाही’ याचा अर्थ त्या प्रोबपुरताच घ्या आणि कागदावर प्रोबचा प्रकार लिहा.

जाळीपोट सापडत नाही

बरगड्या मागून मोजा. शेवटची तेरावी, तिच्या पुढची मोकळी जागा बारावी. पुढून मोजायला गेलात की खांद्याखाली हिशेब चुकतो आणि मग सहावी म्हणून आपण भलतीकडेच असतो.

सुरुवात डाव्या बाजूनं, सहाव्या-सातव्या जागेत कोपराच्या उंचीवर. तिथून प्रोब बरगडीला समांतर ठेवून हळूहळू खाली, छातीच्या हाडापर्यंत आणा. मग हाडाच्या टोकाच्या मागे, मध्यरेषेवर. नंतर उजवीकडे तसंच वर. जाळीपोट श्वासपटलाला टेकून बसलेलं असतं. विश्रांतीत असताना त्याची भिंत गुळगुळीत अर्धचंद्राकृती पांढऱ्या रेषेसारखी दिसते, आत काळोख किंवा धूसर सावली. जरा चांगलं मशीन असेल आणि नशीब जोरावर असेल तर आतल्या अस्तराची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पुसटशी उमटते. डावीकडे प्लीहा ही खुणेची जागा आहे: एकसारख्या पोताची, करडी, चपटी पट्टी. तिच्या मागे-वर गेलात तर कोठीपोट, पुढे-खाली गेलात तर जाळीपोट. उजवीकडे यकृत दिसायला लागलं की फार वर आलात.

तरीही नाही सापडलं तर कारणं मोजकीच. गाभणकाळाचे शेवटचे दिवस असतील, कोठीपोट ठासून भरलेलं असेल, चरबीचा थर जाड असेल. अबोमेसम, म्हणजे चौथं, खरं पोट, फुगून पुढे आलं असेल. जाळीपोट आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये गळू बसलं असेल आणि ते जाळीपोटाला आत ढकलत असेल. आणि म्हशीत नेहमी लक्षात ठेवायचं कारण: जाळीपोट त्या जागेवर नाहीच, ते छातीत गेलंय. त्याबद्दल पुढे.

सापडलं, पण हलत नाही

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

निरोगी, शांत उभ्या जनावरात जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावतं. हे आकुंचन दुहेरी असतं. पहिल्या झटक्यात भिंत काही सेंटीमीटर आत जाते, मग थोडी सैल होते, पण पूर्ण सैल होण्याआधीच दुसरा जोरदार झटका येतो आणि जाळीपोट स्क्रीनवरून दिसेनासं होतं. काही सेकंदांनी परत जागेवर येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जनावर हललं किंवा प्रोब सरकला, आणि तो प्रोब हलवायला लागतो. नेमकं तेव्हाच हलवायचं नसतं. हात स्थिर ठेवा, ते परत येतं. जनावर रवंथ करत असेल तर घास वर येण्याआधी एक जादा आकुंचन होतं, तेव्हा दोनाऐवजी तीन झटके दिसतील. तेही नॉर्मल.

मिनिटाला एकदा होणारी गोष्ट अर्ध्या मिनिटात बघून ‘हालचाल नाही’ असं लिहिता येत नाही. घड्याळ लावून पूर्ण चार मिनिटं एका जागी थांबा आणि मोजा. चार मिनिटांत तीन ते पाच दुहेरी आकुंचनं आली, भिंत पुरेशी आत जाते आहे, तर जाळीपोटाच्या पुढच्या भागात मोठं काही चिकटलेलं असण्याची शक्यता कमी होते. एक-दोनच आली, किंवा आली पण भिंत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर हलली, किंवा एक भाग हलतो आणि दुसरा खिळल्यासारखा जागेवर राहतो, तर चिकटण्याचा संशय बळकट होतो. दर आणि पल्ला वेगवेगळे नोंदवा. आकुंचनांची संख्या बरोबर आणि पल्ला कमी, असंही चित्र येतं.

पण हालचाल मंद दिसली की लगेच तारेला दोष देऊ नका. आधी हे तपासा: जनावराला झायलाझीन दिलंय का? म्हैस लाथ मारते म्हणून आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि मग जाळीपोटाची हालचाल मोजायची, हे दोन्ही एकत्र होत नाही. झायलाझीननं जाळीपोट आणि कोठीपोटाची हालचाल दबते. अॅट्रोपीननंही. आधीच्या डॉक्टरांनी काय दिलं होतं हे विचारा, मालकाला नाव माहीत नसेल तर कचऱ्यात पडलेल्या बाटल्या बघा. नुकत्याच व्यालेल्या म्हशीत कॅल्शियम कमी असेल तर सगळंच मंदावतं. ताप, पोटभर खुराक खाऊन झालेली आम्लता, कासदाहाचं विष, यांतही तसंच. उपाशी जनावरात हालचाल कमी असते, म्हणून ही तपासणी उपाशीपोटी करायची नाही. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायची सवय असते, तिची इथे गरज नाही. शक्यतो समोर थोडा हिरवा चारा टाका. खाताना आकुंचनं वाढतात आणि ती वाढतात की नाही हीसुद्धा माहितीच आहे.

उलट प्रकारही असतो. कोठीपोट मिनिटाला चार-पाच वेळा नुसतं ढवळतंय, पोट दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या आकारानं मोठं दिसतंय, शेण मात्र नावाला. ही हालचाल भरपूर आहे म्हणून खूश होऊ नका, व्हेगस नसेच्या (पोटांची हालचाल सांभाळणाऱ्या नसेच्या) बिघाडाचं अपचन आहे का बघा. जाळीपोटाच्या आसपासचं जुनं चिकटणं हे त्याचं एक कारण.

हृदयाशेजारी आणखी काही हलतंय

म्हशीत पुन्हा पुन्हा फुगण्याचं एक मोठं कारण डायफ्रॅमॅटिक हर्निया आहे. श्वासपटलाला भोक पडतं आणि जाळीपोट छातीत शिरतं. गाईपेक्षा म्हशीत हे कितीतरी जास्त दिसतं, आणि सहसा उजवीकडे. तारेनं कमजोर झालेलं श्वासपटल, त्यावर गाभणपणाचा आणि विण्याच्या वेळचा पोटातला दाब, मग एखादा दिवस ते फाटतं. आपल्या तबेल्यांत हरियाणा-गुजरातेतून ताज्या व्यालेल्या किंवा व्यायला आलेल्या म्हशी ट्रकनं येतात, त्यामुळे आधीचा इतिहास मालकालाही ठाऊक नसतो. ‘आणली तेव्हापासूनच अधूनमधून फुगते’ हे वाक्य ऐकलं की छाती तपासल्याशिवाय गोठा सोडू नका. लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठातून म्हशींच्या या हर्नियावर बरंच लिहिलं गेलंय, हाती लागेल ते वाचण्यासारखं आहे.

तपासणीची पद्धत साधी: उजवीकडे चौथ्या-पाचव्या जागेत, कोपराच्या आसपास, पुढचा पाय एक पाऊल पुढे घेऊन प्रोब लावा. इथे हृदय दिसायला हवं. त्याच्या शेजारी किंवा मागे लागून तीच ओळखीची अर्धचंद्राकृती भिंत दिसली आणि ती मिनिटाला एकदा दुहेरी आकुंचन पावली, तर निदान जवळपास झालंच. हृदयाचे ठोके वेगळे आणि हे वेगळं, गफलत होत नाही, फक्त तेवढा वेळ थांबायला हवं. डावीकडेही तसंच बघा.

अडचण येते ती छातीत गेलेलं जाळीपोट तिथेच चिकटून हलेनासं होतं तेव्हा. मग ते गळू आहे, छातीतलं पाणी आहे की जाळीपोट, यात घोळ होतो. छातीत पाणी असेल तर चित्र काळं आणि त्यात फुप्फुसाचा दबलेला तुकडा तरंगताना दिसतो. गळवाला जाड पांढरं कवच आणि आत धूसर, कधी हलकेच फिरणारा पू. जाळीपोटाची भिंत एकच आणि तिच्यामागे गॅसची सावली. तरी शंका राहिली तर एक्स-रे, त्यात श्वासपटलाच्या रेषेच्या पुढे गॅसची पिशवी आणि बहुधा धातूचे तुकडे दिसतात. स्टेथोस्कोपनं छातीत पोटाचे आवाज ऐकू आले एवढ्यावर निदान करू नका, निरोगी जनावरातही ते ऐकू येतात.

हृदयापाशी आलाच आहात तर हृदयावरणही बघून घ्या. हृदयाभोवती काळा पट्टा आणि त्यात फायब्रिनचे लोंबते धागे, सोबत गळ्याची शीर ताठ आणि गळ्याखालच्या पोळीला सूज, म्हणजे तार तिथवर पोचली आहे. मालकाला त्याच दिवशी स्पष्ट सांगा. महिनाभर अँटिबायोटिकचा खर्च करून शेवट बदलत नाही.

बाहेरून काय चिकटलंय

जाळीपोट आणि श्वासपटल यांच्यामध्ये पांढरट, ओबडधोबड थर, त्यात मध्ये काळी फट: ताजं फायब्रिन आणि द्रव. कवच असलेला गोल-लांबट पोकळ भाग: गळू. गळू जाळीपोटाबरोबर हलत असेल तर ते त्याला चिकटलेलं आहे, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला ही माहिती फार उपयोगाची असते.

इथे एक फसगत वारंवार होते. मध्यरेषेच्या जरा उजवीकडे, छातीच्या हाडाच्या टोकापासून साधारण दहा सेंटीमीटर मागे अबोमेसम असतं. त्यातला माल पातळ, करडा आणि चमकत्या ठिपक्यांचा असतो, भोवती बारीक पांढरी भिंत. त्याला घाईत गळू म्हटलं जातं. प्रोब मागे-पुढे सरकवून बघा: अबोमेसम लांबवर जात राहतं, आत घड्यांच्या रेषा दिसतात आणि जाळीपोट हललं तरी ते त्याच्या तालावर नाचत नाही. गळवाला कडा असतात, ते संपतं.

पोटात मोकळा द्रव दिसला तर प्रोबच्या नजरेखाली सुई घालून थोडा काढा. दुर्गंधी, गढूळपणा, हवेत ठेवल्यावर गोठणं, एवढं तर गोठ्यातच कळतं, बाकी प्रयोगशाळेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेनही त्याच दिवशी पाठवा. मशीनवरचं चित्र आणि रक्त एकमेकांशी जुळत नसेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मशीन लावा. ताज्या दुखण्यात पहिल्या दिवशी बाहेरून फारसं काही जमा झालेलं नसतं.

बाकीची पोटं, थोडक्यात

पडदेपोट, म्हणजे ओमेसम, उजवीकडे सातव्या ते दहाव्या जागेच्या आसपास दिसतं. प्रोबकडची वक्र भिंत तेवढी दिसते, मागे सावली. ते हलताना दिसत नाही. ‘ओमेसमची हालचाल नाही, इम्पॅक्शनचा संशय’ (म्हणजे आतला माल घट्ट बसल्याचा) असे रिपोर्ट मी वाचलेत. निरोगी जनावरातही ते हलताना दिसत नाही, तेव्हा एवढ्या आधारावर म्हशीच्या नरड्यात लिटरभर तेल ओतायचं कारण नाही.

अबोमेसम डावीकडे सरकलेलं म्हशीत क्वचितच. जास्त दुधाच्या एचएफ संकरित गाईत, व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, डाव्या दहाव्या ते बाराव्या जागेत बघा. पोटाची भिंत आणि कोठीपोट यांच्यामध्ये वर गॅस, खाली पातळ माल आणि घड्या दिसल्या तर तेच. तिथे टिचकी मारून ऐकलेला टणत्कार आणि हे चित्र जुळलं की काम झालं.

आणि प्लास्टिक. ते कोठीपोटात असलं तरी सोनोग्राफीत ओळखता येत नाही. रस्त्यावरची किंवा कचराकुंडीवर चरणारी गाय, सतत थोडी फुगलेली, अंगावर मांस नाही, जाळीपोट मात्र व्यवस्थित हलतंय आणि आजूबाजूला काही चिकटलेलं नाही: या नकारांतूनच प्लास्टिकचा संशय पुढे येतो. मग कोठीपोट उघडूनच बघावं लागतं.

फोटो पाठवू नका, व्हिडिओ पाठवा

मत विचारायला स्क्रीनचा एक फोटो येतो, ‘सर, हे काय असेल?’ थिजलेल्या फोटोत जाळीपोट निरोगी की आजारी हे मीच काय, कुणीही सांगू शकत नाही. मोबाइल स्टँडवर किंवा कुणाच्या तरी हातात स्थिर धरून सलग चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सुरुवातीला तोंडानं बोला: कुठली बाजू, कितवी जागा, खोली किती ठेवली आहे, जनावर खातंय की उभंय, कुठलं औषध कधी दिलंय.

हर्नियाचं निदान झालं तर शस्त्रक्रिया गोठ्यात होणारी नाही. आधी कोठीपोट उघडून रिकामं करायचं, जाळीपोटातला धातू काढायचा, मग पूर्ण भूल देऊन, श्वास यंत्रानं चालू ठेवून श्वासपटल शिवायचं, असा तो दोन टप्प्यांचा प्रकार आहे. आपल्या भागातून अशी जनावरं पाठवायची म्हटलं की १८८६ पासून चालू असलेलं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आधी डोळ्यांसमोर येतं. फोन करून, भुलेची आणि एक्स-रेची सोय त्या दिवशी आहे ना हे विचारूनच निघा. म्हैस गाभण असेल तर किती महिन्यांची हे सांगा, त्यावर तारीख ठरते.

टेम्पोत चढवण्याआधी नळी घालून गॅस काढा आणि नळी सोबतच्या माणसाजवळ द्या. ऐरोली किंवा मुलुंडच्या नाक्यावर वाहतुकीत अडकून म्हैस फुगली तर तुम्ही तिथे नसता, म्हणून नळी कशी घालायची हे त्याला निघण्याआधी एकदा तुमच्यासमोर करायला लावा. टेम्पोत तिचे पुढचे पाय उंचावर राहतील असा पेंढा किंवा मातीच्या गोण्या रचा, श्वास सोपा जातो. आणि चढत नाही म्हणून दोर बांधून आडवी पाडू नका, छातीत आधीच जागा उरलेली नसते.